दिवेलागणीला म्हैसूरचा राजवाडा

म्हैसूरची सहल ठरली की राजवाड्याची रोषणाई यादीत असतेच. अडचण असते ती वेळापत्रकाची. सकाळी श्रीरंगपट्टण, दुपारी चामुंडीची टेकडी, संध्याकाळी वृंदावन उद्यान आणि परतताना राजवाड्याचे दिवे, असा बेत आखला जातो. मग गाडी गर्दीत अडकते, पोचेपर्यंत दिवे लागून वीस मिनिटं झालेली असतात, मुलं पेंगुळलेली असतात आणि घाईघाईनं चार फोटो काढून मंडळी माघारी फिरतात. एवढ्या लांब जाऊन असं पाहिलं तर हाती काहीच लागत नाही. म्हणून सगळ्यात आधी एक ठरवा: ती अख्खी संध्याकाळ राजवाड्याची. वृंदावनातल्या कारंज्यांची मजाही अंधार पडल्यावरच असते आणि ते उद्यान शहरापासून वीसेक किलोमीटर लांब आहे. दोन्ही गोष्टी एका संध्याकाळी बसत नाहीत. वृंदावन दुसऱ्या दिवसावर टाका.

पूर्ण रोषणाई रविवारी, सरकारी सुट्टीच्या दिवशी आणि दसऱ्याच्या दहा दिवसांत असते. रविवारी आणि सुट्टीला दिवे सातच्या सुमारास लागतात आणि तासाभराच्या आत मालवतात. दसऱ्यात ते जास्त वेळ चालू असतात. ही रोषणाई पाहायला तिकीट लागत नाही. एरवीच्या दिवशी आवारात ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम होतो. त्याला मात्र तिकीट आहे आणि तो संपताना काही मिनिटं सगळे दिवे लावतात. कार्यक्रम कोणत्या दिवशी कोणत्या भाषेत आहे ते आधी विचारून घ्या, नाहीतर तासभर कानडी निवेदन ऐकत बसायची वेळ येईल आणि मुलं कंटाळतील. वेळा अधूनमधून बदलतात, पावसामुळे किंवा दुखवट्यामुळे कार्यक्रम रद्दही होतो. तेव्हा जायच्या दिवशी सकाळी म्हैसूर राजवाडा मंडळाच्या संकेतस्थळावर एकदा पाहा. निवड तुमच्या हातात असेल तर रविवारच धरा. गर्दी असते हे खरं, पण पाऊण तास शांतपणे हिंडत पाहणं आणि पाच-दहा मिनिटांत उरकणं यांत फार अंतर आहे.

महिना कोणता, याचा विचार फारसं कोणी करत नाही, पण माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. राजवाड्याचं तोंड पूर्वेला आहे. म्हणजे संध्याकाळी तुम्ही समोर उभे राहिलात की सूर्य राजवाड्याच्या पाठीमागे मावळतो आणि घुमटांच्या मागचं आकाश बराच वेळ उजळलेलं राहतं. डिसेंबरात म्हैसूरला सहाच्या आसपास सूर्यास्त होतो, त्यामुळे सातला काळाकुट्ट अंधार असतो आणि दिवे लागले की फक्त दिवेच दिसतात. मे-जूनमध्ये सूर्य पावणेसातच्या पुढेमागे मावळतो. तेव्हा सातला दिवे लागतात ते गडद निळ्या आकाशावर. घुमटांची गोलाई, मनोऱ्याचं दगडी अंग, गच्चीवरच्या छत्र्या, सगळं अजून दिसत असतं आणि त्यावर सोन्याच्या रेघा उमटतात. दहा-पंधरा मिनिटांत आकाश विझतं आणि रेघा तेवढ्या उरतात. हा बदल डोळ्यांसमोर घडताना पाहायला मिळावा म्हणून मी लोकांना उन्हाळ्याची अखेर किंवा पावसाची सुरुवात सुचवते. जूनमध्ये पाऊस येतो-जातो, छत्री लागते, पण म्हैसूरचा पाऊस कोकणासारखा झोडपणारा नाही. वर ओल्या फरशीवर सगळा राजवाडा उलटा उतरलेला दिसतो, तो वेगळाच.

दिवस असा आखा. दुपारी आधी जगनमोहन राजवाड्यात जा. मुख्य राजवाड्यापासून तो पश्चिमेला, चालत जाण्याजोग्या अंतरावर आहे. नवा राजवाडा बांधून होईपर्यंत राजघराणं इथंच राहत होतं आणि १९०२ मध्ये चौथ्या कृष्णराज वडियारांना राज्याधिकार मिळाले तो सोहळाही इथलाच. आता तिथं चित्रसंग्रह आहे. दुरुस्तीसाठी काही दालनं बंद असू शकतात, तेवढं विचारून जा. रविवर्म्याची चित्रं पाहायला बहुतेक जण येतात, ती पाहाच. पण मराठी माणसानं इथं आवर्जून थांबावं असं चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे. हळदणकर सावंतवाडीचे. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं हे चित्र कित्येकांना छापील प्रतींतून ठाऊक असतं आणि कित्येकजण ते रविवर्म्याचं समजतात. ते हळदणकरांचं आहे आणि जलरंगांत केलेलं आहे. चित्रासाठी उभी होती त्यांचीच मुलगी.

या चित्रापाशी पाच मिनिटं द्या. ज्योत कुठंच दिसत नाही. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा आणि त्या आडोशाच्या बोटांतून आरपार आलेला तांबूस उजेड, एवढ्यावर चित्र उभं आहे. उजेड बोटांवरून हनुवटीवर, गालावर, पदराच्या काठावर चढत जातो आणि पाठीमागे अंधारात विरतो. पाहताना डोळा आपोआप उजेडाचा उगम शोधायला लागतो. ही सवय घेऊन संध्याकाळी राजवाड्यासमोर उभे राहा. तिथं नेमकं उलटं आहे: उगम सगळा उघडा, एकेक दिवा मोजता येईल असा, आणि उजेड पडतो तो स्वतःवरच.

तिथून साडेतीनच्या सुमारास मुख्य राजवाड्यात या. आतला भाग साडेपाचला बंद होतो, त्यामुळे दीड-दोन तास हाताशी राहतात आणि तेवढे लागतातच. दिवसाचा प्रवेश दक्षिणेकडच्या वराह दरवाजानं होतो. चपला-बूट बाहेर ठेवावे लागतात. त्या जागेची नीट खूण ठेवा.

रात्री बाहेरून पाहायचा राजवाडा दिवसा आतून पाहिलेला असावा, हा माझा आग्रह आहे. कारण या वास्तूचा जन्मच आगीतून झाला. १८९७ मध्ये राजकन्या जयलक्ष्मम्मण्णी यांच्या लग्नसोहळ्याच्या वेळी इथला जुना लाकडी राजवाडा जळून गेला. महाराज लहान होते, कारभार त्यांची आई महाराणी केंपनंजम्मण्णी पाहत होत्या. त्यांनी हेन्री आयर्विन या वास्तुकाराला नवा राजवाडा बांधायला सांगितलं. सिमल्याचं व्हाइसरॉयचं निवासस्थानही याच आयर्विनचं. १९१२ मध्ये काम पुरं झालं आणि खर्च आला सुमारे ४१ लाख रुपये. आगीनं पोळलेल्या घराण्यानं या वेळी भरवसा ठेवला तो दगड, वीट आणि लोखंडावर. कल्याणमंडपात गेलात की हे दिसतं. अष्टकोनी दालन, ग्लासगोहून आलेले ओतीव लोखंडाचे उंच खांब आणि वर रंगीत काचांचं मोरांचं छत. भिंतींवर दसऱ्याच्या मिरवणुकीची मोठाली चित्रं आहेत. त्यांतले हत्ती, घोडे, बँडवाले, छत्रचामरं धरणारे सेवक निरखून पाहा. ती पाहिल्यावर समोरचं मैदान एवढं मोठं का ठेवलं आहे ते आपोआप कळतं.

वरच्या मजल्यावर दरबार हॉल आहे. त्याची पूर्वेकडची बाजू कमानींनी थेट मैदानावर उघडते. इथं उभं राहून खाली पाहा आणि संध्याकाळी आपण कुठं उभं राहायचं ती जागा इथूनच हेरून ठेवा. मैदानाच्या पलीकडे समोर दिसतो तो जयमार्तंड दरवाजा. राजवाड्याचा मध्य आणि तो दरवाजा सरळ रेषेत आहेत. ही रेषा लक्षात ठेवलीत तर रात्री गर्दीतही चुकायला होत नाही.

बाहेर पडलात की मान वर करून कमानींच्या कडा पाहा. प्रत्येक कमानीच्या, सज्ज्याच्या, घुमटाच्या कडेनं दिव्यांच्या ओळी कायमच्या बसवलेल्या आहेत. उन्हात त्या पटकन नजरेत भरत नाहीत. असे जवळजवळ लाखभर दिवे आहेत, सगळे छोटे आणि पिवळे. बाहेरून झोत टाकून इमारत उजळायची पद्धत आता सगळीकडे दिसते, तसं इथं केलेलं नाही. ज्या रेषा आयर्विननं कागदावर काढल्या, त्याच रात्री दिव्यांनी पुन्हा काढल्या जातात. म्हणून कुठली रेषा कशाची हे दिवसा पाहून ठेवलेल्या माणसाला संध्याकाळी कितीतरी जास्त दिसतं.

विजेची गोष्टही इथलीच आहे. कावेरीवर शिवनसमुद्र इथं १९०२ मध्ये वीज तयार होऊ लागली, ती आधी गेली कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे. १९०५ मध्ये बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले आणि त्यानंतर तीनेक वर्षांत म्हैसूर शहरात वीज आली. त्या वेळी हा राजवाडा बांधून होत होता. जुन्या राजवाड्याचा दसरा तेलाच्या दिव्यांनी आणि मशालींनी उजळायचा. नव्याला वीज उपजतच लाभली. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे तिथंच, मैदानात उभं राहून सांगा. धबधबा, तारा आणि दिवा ही साखळी त्यांना शाळेच्या पुस्तकापेक्षा इथं लवकर समजते.

साडेपाचला बाहेर पडताना दारावरच्या रखवालदाराला विचारून ठेवा, की रोषणाईसाठी आज कोणते दरवाजे उघडणार आणि किती वाजता. मधला तासभर उत्तरेकडे घालवा. चामराज चौक, घड्याळाचा मनोरा आणि तिथून पुढे देवराज मार्केट. घड्याळाचा मनोरा कृष्णराज वडियारांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९२७ मध्ये उभारला गेला. मार्केटात फुलांच्या ओळीत शिरा. म्हैसूरच्या मोगऱ्याचे गजरे तिथं हातावर मोजून देतात. कॉफी प्या, पाण्याची बाटली भरून घ्या, स्वच्छतागृह शोधायचं ते आताच शोधा. संध्याकाळच्या गर्दीत त्यासाठी रांगा लागतात. आणि सव्वासहा-साडेसहाला परत दरवाजाशी या.

आत आल्यावर बहुतेक लोक सरळ राजवाड्याच्या पायथ्याशी जाऊन उभे राहतात. तिथं जाऊ नका, निदान सुरुवातीला तरी. दर्शनी बाजू २४५ फूट लांब आहे आणि मधला मनोरा १४५ फूट उंच. पायथ्याशी उभं राहिलात तर मान मोडते आणि मनोऱ्याचा कळस दिसतही नाही. मैदानात मागे, जयमार्तंड दरवाजाच्या बाजूला सरकत जा, जिथून दोन्ही टोकं आणि कळस एका नजरेत मावतील तिथं थांबा. दिवे एकामागून एक लागत नाहीत, सगळे एकदम लागतात. ते कळेपर्यंत लागलेले असतात आणि मैदानभर लोकांचा एकच हुंकार उठतो. तेव्हा मोबाइल खिशात असू द्या. लागतानाचा क्षण पडद्यात डोकं घालून टिपलेले अनेक जण नंतर सांगतात, की आम्ही तो पाहिलाच नाही.

पहिली दहा मिनिटं जागचं हलू नका. डोळे दिपलेले असतात, ते सरावले की मग बारकावे दिसू लागतात. नंतर हळूहळू पुढे चालत या. लांबून एकसंध दिसणाऱ्या रेघा जवळ येता येता तुटतात, त्यांचे ठिपके होतात, आणि अगदी जवळ आल्यावर काचेचा एकेक गोळा वेगळा दिसतो. मग आग्नेय कोपऱ्याकडे जा. तिथून दर्शनी बाजू तिरकी दिसते, एका घुमटामागून दुसरा डोकावतो आणि दिव्यांच्या चपट्या चित्राला खोली येते. माझी आवडती जागा हीच. आवारातल्या देवळांवर आणि दरवाजांवरही दिवे असतात, तिकडे गर्दी निम्म्यानं कमी असते. श्वेतवराहस्वामींच्या देवळाच्या बाजूनं एक फेरी मारा. कधीकधी पोलीस बँड वाजत असतो, तेव्हा सनई-चौघड्याऐवजी क्लॅरिनेट ऐकत राजवाडा पाहायला मिळतो आणि तेही छान जमतं.

फोटोसाठी फार खटपट नको. उजेड भरपूर असतो, त्यामुळे फ्लॅश बंदच ठेवा, त्यानं फक्त पुढच्या माणसाचं डोकं उजळतं. मोबाइलच्या पडद्यावर राजवाड्यावर बोट ठेवा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. तसं केलं नाही तर दिव्यांच्या ओळी पांढऱ्याफटक होऊन एकमेकींत मिसळतात. रंग आपोआप ठरवू दिला तर कॅमेरा पिवळा रंग धुऊन टाकतो, तेव्हा जमत असेल तर तो हातानं ठरवा. एकाच जागेवरून दोन फोटो घ्या, एक दिवे लागण्याआधी आणि एक नंतर. तिपाई आत नेऊ देतील असं गृहीत धरू नका, आणि ड्रोनचा तर विचारही नको.

आजी-आजोबा बरोबर असतील तर बसायला घडीचं आसन किंवा जाडसर सतरंजी न्या. नोव्हेंबर ते जानेवारी म्हैसूरला संध्याकाळी चांगलाच गारवा असतो, शाल लागते. मुलांच्या खिशात आईवडिलांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरवा, पण 'वाघापाशी' एवढंच सांगू नका. मैदानात कांस्याचे वाघ एकाहून जास्त आहेत, त्यामुळे कोणता ते दाखवूनच ठेवा.

दसऱ्यात जायचं असेल तर हिशोब बदलतो. वडियारांचा दसरा १६१० मध्ये श्रीरंगपट्टणला सुरू झाला असं मानतात. सरकारी आणि घराण्याचा असे दोन्ही सोहळे आजही चालतात. दहाही संध्याकाळी दिवे असतात, राजवाड्यासमोर गाण्या-नाचाचे कार्यक्रम होतात, शहरातले रस्तेही उजळलेले असतात. एरवी न दिसणारं सुवर्णसिंहासन याच दिवसांत मांडतात, पण घराण्याच्या खासगी दरबाराच्या वेळी आतला प्रवेश बंद किंवा मर्यादित असतो, हे लक्षात ठेवून दिवस निवडा. माझा सल्ला: नवरात्राचे पहिले तीन-चार दिवस गाठा. विजयादशमीला अंबारीची मिरवणूक आणि रात्री बन्नीमंटपाच्या मैदानावर मशालींची कवायत असते. ती पाहायची तर पासची तजवीज कित्येक दिवस आधी करावी लागते आणि त्या दिवशी राजवाड्याच्या भोवती पायी चालणंसुद्धा अवघड होतं. राहण्याची सोय दोन-तीन महिने आधी करा.

याहून शांत आणि मला जास्त आवडणारा काळ म्हणजे दसऱ्याआधीचे आठवडे. मिरवणुकीचे हत्ती जंगलातल्या तळांवरून येऊन राजवाड्याच्या आवारात मुक्काम टाकतात. माहूत आणि त्यांची कुटुंबं तिथंच राहतात. सकाळ-संध्याकाळ हत्तींना मिरवणुकीच्या रस्त्यावरून चालवण्याचा सराव देतात. सुमारे साडेसातशे किलोची सोन्याची अंबारी पेलायची असते, म्हणून पुढे पुढे पाठीवर वाळूची पोती लादून नेतात. रविवारी संध्याकाळी लवकर गेलात तर सरावाहून परतणारे हत्ती आणि नंतर रोषणाई, दोन्ही एका फेरीत पाहायला मिळू शकतं. हत्तींच्या फार जवळ जाऊ नका, फ्लॅश मारू नका, आणि माहुतानं हात करून थांबवलं तर थांबा.

दिवे विझले की सगळी गर्दी एकदम दरवाजाकडे वळते आणि बाहेर रिक्षावाले दुप्पट भाडं सांगतात. दहा-पंधरा मिनिटं आतच रेंगाळा, रखवालदार शिट्टी वाजवेपर्यंत कोणी हाकलत नाही. मग उत्तरेकडून बाहेर पडून के. आर. चौकातून सयाजीराव रस्त्याला लागा. हो, बडोद्याचे सयाजीराव गायकवाड, त्यांचंच नाव. मराठी धागा इथं संपत नाही. राजवाडा पूर्ण झाला तेव्हा म्हैसूरचे दिवाण होते टी. आनंदराव, तंजावरच्या मराठी घराण्यातले. त्यांच्या आधीचे दिवाण व्ही. पी. माधवराव हेही तंजावरी मराठी. आणि आनंदरावांचे वडील सर टी. माधवराव यांनी सयाजीराव अल्पवयीन असताना बडोद्याचा कारभार सांभाळला होता. या रस्त्यावर मार्केटच्या कडेला जुन्या मिठाईवाल्यांकडे म्हैसूरपाक मिळतो. पण आठच्या सुमारास तिथंही झुंबड असते, त्यामुळे घरी न्यायचा खाऊ दुपारीच बांधून घ्या आणि रात्री फक्त जेवायचं बघा.

बेंगळुरूत राहणारे मराठी लोक बरेचदा त्याच रात्री परतायचं ठरवतात. अंतर दीडशे किलोमीटरच्या आतलं आहे, जमतं, पण मग नजर घड्याळावर राहते. एक रात्र म्हैसूरला मुक्काम करा. दुसरी संध्याकाळही मोकळी असेल आणि तीही रोषणाईची असेल, तर ती चामुंडीच्या टेकडीवर घालवा. वरच्या रस्त्याला असलेल्या सज्जावजा जागेवरून शहराच्या दिव्यांत राजवाडा तेवढा वेगळा उठून दिसतो. दुर्बीण असेल तर न्या, धुकं किंवा पावसाचे ढग असतील तर जाऊ नका, आणि अंधारात उतरायला पायऱ्यांचा रस्ता धरू नका. परतीची गाडी वर जातानाच ठरवून ठेवा.